'रिक्वेस्ट'पुढचा 'फॉर' ठेवायचा कधी आणि काढायचा कधी?

"नमस्कार ताई. मी लालबागला राहते, वय ३१. सीप्झ या मुंबईतल्या निर्यात क्षेत्रात, दागिने निर्यात करणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंटेशनला आहे. शिक्षण मराठी माध्यमातून, पुढे बी.कॉम. इंग्रजी वाचलेलं समजतं, पण लिहायला बसलं की हात अडतो. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये आमच्या सीनियर मॅडमनी माझा एक मेल सगळ्यांसमोर स्क्रीनवर लावला. विषयाच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'रिक्वेस्ट फॉर ओरिजिनल इनव्हॉइस'. खाली पहिलंच वाक्य होतं, 'वी रिक्वेस्ट फॉर द ओरिजिनल इनव्हॉइस'. मॅडमनी खालच्या 'फॉर'भोवती लाल गोल काढला आणि म्हणाल्या, 'हे अजून किती वेळा सांगायचं?' दोघं-तिघं हसले. वरच्या 'फॉर'बद्दल मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्या दिवसापासून 'रिक्वेस्ट' दिसला की मी पुढचा 'फॉर' उडवायला लागले. परवा दोन दिवसांच्या रजेच्या मेलचा विषय लिहिला, 'रिक्वेस्ट टू डेज लीव्ह'. तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, इथे 'फॉर' पाहिजे. शब्द तोच, अर्थ तोच, मग एकदा चूक आणि एकदा बरोबर कसं? आता मी तो शब्दच टाळते. घरचे म्हणतात, सगळे मेल एआयकडून लिहून घे. पण पुढच्या महिन्यात प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे, तिथे काय करू? आणि शाळेत शिकवलेलं 'आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह' तेही चूकच होतं का?"

– एक वाचक, लालबाग

नमस्कार,

शाळेतलं वाक्य बरोबर होतं. तुमच्या बाईंनी तुम्हाला नीटच शिकवलं होतं, ती शंका आधी मनातून काढून टाका. आता बाकीचा निकाल. स्क्रीनवरच्या मेलमध्ये विषयाच्या ओळीतला 'फॉर' बरोबर, खालच्या वाक्यातला चूक. रजेच्या मेलबाबत शेजारच्या टेबलावरचा मुलगा बरोबर. आणि नियम एवढाच की 'रिक्वेस्ट' नाम म्हणून आला असेल तर पुढे 'फॉर' येतो, क्रियापद म्हणून आला असेल तर येत नाही. हे सांगायला मॅडमना अर्धं मिनिट पुरलं असतं. एकाच मेलमध्ये एक 'फॉर' बरोबर आणि एक चूक असताना फक्त चुकलेल्यावर गोल काढायचा आणि का ते सांगायचं नाही, हे शिकवणं नव्हे. समोरचा माणूस मग तुमच्यासारखाच सगळीकडचा 'फॉर' उडवत सुटतो. त्यात तुमचा दोष नाही.

पण नुसता नियम पाठ करून तुमचं काम भागणार नाही. पार्सल विमानतळावर अडकलेलं, क्लिअरिंग एजंट फोनवर, एअर वेबिलचा, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीचा, नंबर जुळत नाही, अशा घाईत मेल लिहिताना नाम कोणतं आणि क्रियापद कोणतं याचा विचार कोण करत बसेल? त्यासाठी कानाला पटेल अशी खूण हवी. ती तुमच्या मराठीतच आहे, आणि तुम्ही ती रोज वापरता.

तुम्ही मोबाइलवरून खायला काहीतरी मागवता. मग मैत्रिणीला सांगता, "मी पोहे ऑर्डर केले." किंवा सांगता, "मी पोह्यांची ऑर्डर दिली." ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात 'केले' आलं, कारण पोहे ते. वडापाव असता तर 'ऑर्डर केला' म्हटलं असतं, बिर्याणी असती तर 'ऑर्डर केली'. म्हणजे क्रिया थेट त्या पदार्थावर गेली, 'ऑर्डर' हा शब्द क्रियापदाच्या कामाला लागला. दुसऱ्या वाक्यात 'दिली' आलं, कारण ऑर्डर ती. तिथे 'ऑर्डर' ही स्वतः एक वस्तू झाली, नाम झालं, आणि पोह्यांचं तिच्याशी नातं जोडायला 'ची' लागला. इंग्रजीतही नेमकं हेच होतं. 'आय ऑर्डर्ड पोहे' यात मध्ये काही नाही. 'अ‍ॅन ऑर्डर फॉर पोहे' यात 'फॉर' आहे. हा फरक तुमच्या तोंडात लहानपणापासून आहे. कुणी शिकवलेला नाही आणि तुमचा कधी चुकतही नाही.

मग 'रिक्वेस्ट'लाच का चुकतो? कारण मराठीत आपण हा शब्द फक्त नाम म्हणून घेतला. "मी रिफंडसाठी रिक्वेस्ट केली." रिफंड तो, तरी आपण 'केली' म्हणतो, कारण रिक्वेस्ट ती. आपण तिला बाईचं लिंग देऊन टाकलंय आणि क्रियापदाला स्वतःचं लिंग कुठलं असायला! "मी रिफंड रिक्वेस्ट केला" असं मुंबईत सहसा ऐकू येत नाही. उलट "तिकीट कॅन्सल केलं", "फाइल अपलोड केली", "पैसे ट्रान्सफर केले" हे सगळे शब्द क्रियापद म्हणून घरात आले, आणि म्हणून 'आय कॅन्सल्ड फॉर द टिकेट' असं इंग्रजी कुणीच लिहीत नाही. तुमची चूक व्याकरण कच्चं असल्यामुळे झालेली नाही. डोक्यात 'इनव्हॉइससाठी रिक्वेस्ट केली' असं वाक्य तयार होतं, 'साठी'चा 'फॉर' होतो आणि 'केली' गळून पडते. राहिलं 'वी रिक्वेस्ट फॉर'.

म्हणून उपाय असा सुचवते. 'रिक्वेस्ट' हे क्रियापद मनात आलं की त्याचं मराठी 'विनंती करणे' धरू नका. वस्तू हवी असेल तर 'मागणे' धरा, माणसाला सांगायचं असेल तर 'विनवणे' धरा. रजा मागितली, रिफंड मागितला, इनव्हॉइस मागवला. मध्ये 'साठी' येतच नाही. 'आय रिक्वेस्टेड लीव्ह', 'वी रिक्वेस्टेड अ रिफंड', 'वी रिक्वेस्ट द ओरिजिनल इनव्हॉइस'. आणि माणसाला विनवायचं तर 'तुम्हाला विनवते की', म्हणजे 'आय रिक्वेस्ट यू टू', पुढे काय करायचं ते. शाळेतलं रजेचं वाक्य याच साच्यातलं आहे.

'विनंती' आणि 'मागणी' हे शब्द नामासाठी राखून ठेवा. इनव्हॉइससाठी विनंती, 'अ रिक्वेस्ट फॉर द इनव्हॉइस'.

तुम्हाला वाटेल, 'मागणे' जरा उद्धट नाही का? मराठीत आहे थोडं. "इनव्हॉइस मागते" म्हटलं की हक्क गाजवल्यासारखं होतं, म्हणूनच आपल्या जिभेवर 'विनंती' येते. पण इंग्रजी 'रिक्वेस्ट'मध्ये ती अदब आधीच मुरलेली आहे. 'आस्क फॉर' म्हणजे साधं मागणं. त्यातला 'फॉर' पोटात घेऊन वर नम्रपणा घातलेला शब्द म्हणजे 'रिक्वेस्ट'. हीसुद्धा एक चांगली तपासणी आहे: जिथे 'आस्क फॉर' हे दोन्ही शब्द काढून एकटा 'रिक्वेस्ट' ठेवता येतो, तिथे तो क्रियापद आहे आणि 'फॉर' आधीच खर्ची पडलाय.

जाता जाता एक खंत बोलून दाखवते. मराठीतही आपण धडधाकट क्रियापदं टाकून त्यांची नामं करतो आणि मागे 'करणे' लावतो. 'वापरणे' गेलं, 'वापर करणे' आलं. 'मागणे' गेलं, 'मागणी करणे' आलं. 'स्वीकारणे' होतं तिथे 'स्वीकार करण्यात येत आहे'. कार्यालयीन पत्रांत तर क्रियापद शोधावं लागतं. ज्यांना दिवसभर असली मराठी वाचायला मिळते, त्यांच्या इंग्रजीतही 'मेड अ रिक्वेस्ट फॉर' आणि 'रिक्वेस्टेड' यांची सरमिसळ होणारच. रजेचा अर्ज मराठीत लिहायची वेळ आली तर "दोन दिवस रजा मिळावी" असं सरळ लिहा. किती बरं वाटतं ते बघा.

आता एक वाक्य दाखवते, ज्यात दोन्ही रूपं शेजारी-शेजारी बसलेली आहेत. २००५च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ६, उपकलम २. इंग्रजी मजकूर असा सुरू होतो: 'अ‍ॅन अ‍ॅप्लिकंट मेकिंग रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन शॅल नॉट बी रिक्वायर्ड टू गिव्ह एनी रीझन फॉर रिक्वेस्टिंग द इन्फर्मेशन'. सुरुवातीला 'मेकिंग रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन'. इथे 'मेक' हे क्रियापद आहे, 'रिक्वेस्ट' नाम, म्हणून पुढे 'फॉर'. शेवटी 'रिक्वेस्टिंग द इन्फर्मेशन'. इथे तोच शब्द क्रियापदाच्या रूपात, म्हणून पुढे थेट 'द इन्फर्मेशन'. त्याच्या आधी जो 'फॉर' दिसतो तो 'रीझन'चा आहे, कशाचं कारण ते सांगणारा. 'रिक्वेस्ट'शी त्याचा संबंध नाही. हे वाक्य कागदावर लिहून घ्या आणि दोन्ही जागा पेन्सिलीने अधोरेखित करा. माझ्या मते व्याकरणाच्या दहा पानांपेक्षा हे एक वाक्य जास्त शिकवतं. शिवाय त्याचा अर्थही ठाऊक असावा असा आहे: माहिती मागणाऱ्याला ती कशासाठी हवी याचं कारण द्यावं लागत नाही. उद्या परळच्या वॉर्ड ऑफिसात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तुमच्या गल्लीतल्या गटाराच्या कामाची माहिती मागायची झाली, तर तिथला कुणी "कशाला पाहिजे?" म्हणाला तरी तुम्ही गप्प राहू शकता.

तुमच्या रोजच्या कागदांतही ही जोडी आहे. शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदात, काही चुकलं आणि दुरुस्ती करून घ्यायची असली, की पत्राच्या विषयात 'रिक्वेस्ट फॉर अमेंडमेंट ऑफ शिपिंग बिल' येतं आणि मजकुरात 'वी रिक्वेस्ट यू टू अमेंड द शिपिंग बिल'. विषयाची ओळ म्हणजे मथळा, त्यात पूर्ण वाक्य नसतं, कर्ता नसतो, म्हणून तिथे बहुतेक वेळा नाम असतं आणि 'फॉर' टिकतो. मजकुरात 'आय', 'वी' असा कर्ता आला, की पुढचा 'रिक्वेस्ट' क्रियापद. निविदांमधलं 'रिक्वेस्ट फॉर प्रपोजल', खरेदी विभागाचं 'रिक्वेस्ट फॉर कोटेशन' ही सगळी मथळ्यांची भाषा. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी तुमच्या निम्म्याहून जास्त मेलचा प्रश्न सुटेल.

'टू'चंही असंच आहे, आणि ही चूक मला तुमच्या पत्रात दिसली नाही तरी आजूबाजूला फार दिसते, म्हणून सांगते. "तुम्हाला विनंती आहे" यातल्या 'ला'चा 'टू' करून लोक लिहितात, 'आय रिक्वेस्ट टू यू टू सेंड'. पहिला 'टू' नको. नाम असेल तर मात्र हवा: 'माय रिक्वेस्ट टू यू इज'. पुन्हा तेच, नामाला दुवा लागतो, क्रियापद थेट माणसाला जाऊन भिडतं. सोसायटीच्या लिफ्टमधली नोटीस आठवा: 'मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पे मेंटेनन्स'. इथे 'टू' आहे तो 'पे'चा. मेंबर्सच्या आधी काहीच नाही.

आणि सगळेच 'फॉर' शत्रू समजू नका. 'आय रिक्वेस्टेड अ व्हीलचेअर फॉर माय फादर' हे वाक्य अगदी शुद्ध आहे. मागितली व्हीलचेअर, ती 'रिक्वेस्टेड'ला चिकटून आली. 'फॉर' आहे तो वडिलांसाठी. 'आय रिक्वेस्टेड फॉर अ व्हीलचेअर' हे चूक. म्हणजे 'फॉर' वाक्यात असण्याला हरकत नाही, क्रियापद आणि मागितलेली वस्तू यांच्या मधोमध तो नको. ऑर्डरचंही तेच: आईसाठी जेवण मागवलं तर 'आय ऑर्डर्ड लंच फॉर माय मदर' चालतं.

ज्या क्रियापदांना पुढच्यासारख्या वाक्यांत 'फॉर' लागतोच, त्यांचा तो काढू नका. 'अप्लाय फॉर लीव्ह', 'आस्क फॉर हेल्प', 'वेट फॉर द कुरियर', 'पे फॉर द टिकेट'. तुम्ही सध्या 'फॉर' दिसला की घाबरता, म्हणून ही नावं मुद्दाम देतेय. 'रिप्लाय' तर दोन्हीकडे 'टू' ठेवतो: 'माय रिप्लाय टू युअर मेल' आणि 'आय रिप्लाइड टू युअर मेल'. पण 'रिक्वेस्ट'सारखे वागणारेही बरेच आहेत. 'अ डिस्कशन अबाउट प्राइस', पण 'वी डिस्कस्ड द प्राइस', तिथे 'अबाउट' नको. 'अ व्हिजिट टू द फॅक्टरी', पण 'ही व्हिजिटेड द फॅक्टरी'. 'अ डिमांड फॉर पेमेंट', पण 'दे डिमांडेड पेमेंट'. 'द आन्सर टू युअर क्वेश्चन', पण 'आय आन्सर्ड युअर क्वेश्चन'. यांतल्या प्रत्येकामागे मराठीतला एखादा 'वर', 'ला', 'ची' उभा आहे: विषयावर चर्चा केली, फॅक्टरीला भेट दिली, पैशांची मागणी केली. सगळे एकदम पाठ करू नका. 'रिक्वेस्ट' पक्का झाला की बाकीचे वाचता-वाचता आपोआप ओळखू येतील.

अजून एक सवय, जी मुंबईतल्या ऑफिसांत इतकी पसरली आहे की चूक म्हणून कुणाला दिसतच नाही. 'रिक्वेस्ट यू टू काइंडली शेअर', 'रिक्वेस्ट यू टू प्लीज डू द नीडफुल'. कर्ताच नाही. कोण विनंती करतंय? 'आय' किंवा 'वी' घाला, वाक्य उभं राहील. 'रिक्वेस्ट'मध्ये नम्रपणा आलाच आहे, त्यावर 'काइंडली' आणि 'प्लीज' रचायची गरज नाही, एक पुरे. आणि 'डू द नीडफुल' लिहून आपण समोरच्याला नेमकं काय करायचं तेच सांगत नाही. परदेशातला बायर ते वाचून विचारात पडतो. त्यापेक्षा "शुक्रवारपर्यंत मूळ इनव्हॉइस पाठवा" हे स्वच्छ सांगा.

खरं सांगायचं तर रोजच्या दहापैकी बहुतेक मेलमध्ये 'रिक्वेस्ट' हा शब्द लागतच नाही. 'प्लीज सेंड अस द ओरिजिनल इनव्हॉइस बाय फ्रायडे.' नम्र आहे, स्पष्ट आहे. जरा मऊ हवं असेल तर 'कुड यू प्लीज सेंड'. कस्टम्स, बँक, सरकारी कार्यालय अशा ठिकाणी औपचारिक पत्र असेल तेव्हा 'वी रिक्वेस्ट यू टू' शोभतं. पण भीतीपोटी शब्द टाळायचा आणि जागा बघून तो न वापरायचा, यांत फरक आहे. तुम्ही आधी तो नीट वापरायला शिका, मग वाटलं तर टाळा.

तुमचे मेल असे होतील. इनव्हॉइसचा विषय आहे तसाच ठेवा, 'रिक्वेस्ट फॉर ओरिजिनल इनव्हॉइस'. पहिलं वाक्य, 'वी रिक्वेस्ट द ओरिजिनल इनव्हॉइस फॉर द शिपमेंट डेटेड', पुढे तारीख. यात 'फॉर' आहे, पण तो शिपमेंटचा, आणि इनव्हॉइसच्या नंतर आलेला. रजेचा विषय 'रिक्वेस्ट फॉर टू डेज लीव्ह', आणि मजकुरात 'आय रिक्वेस्ट टू डेज लीव्ह' किंवा शाळेतलं तुमचं वाक्य. काही मागून झालं आणि आठवण करायची असेल तर 'वी हॅड रिक्वेस्टेड द पॅकिंग लिस्ट ऑन मंडे'. समोरच्याने मागितलेलं पाठवताना 'अ‍ॅज रिक्वेस्टेड' लिहा, किंवा 'अ‍ॅज पर युअर रिक्वेस्ट'. दोन्ही चालतात. पहिल्यात क्रियापदाचं रूप आहे, दुसऱ्यात नाम.

एआयबद्दल. वापरायला माझी हरकत नाही, पण आधी मेल स्वतः लिहा आणि मग तपासायला द्या. काय बदललं ते बघा, आणि 'फॉर' काढला असेल तर का काढला हे त्यालाच विचारा. मॅडमनी न दिलेलं उत्तर तिथे मिळेल. मात्र बायरचं नाव, दर, इनव्हॉइसचा मजकूर कंपनीला न विचारता अशा ठिकाणी चिकटवू नका. तुमच्या धंद्यात भाव बाहेर जाणं ही 'फॉर'पेक्षा फार मोठी चूक ठरेल. आणि स्पेलिंग तपासणाऱ्या लाल रेघेवर विसंबू नका. 'रिक्वेस्ट' आणि 'फॉर' दोन्हींचं स्पेलिंग बरोबर असल्यावर ती रेघ उमटायचं कारणच नाही.

आता त्या मीटिंगबद्दल. कुणाचाही मेल नावानिशी सगळ्यांसमोर लावून त्यावर हशा होऊ देणं वाईटच. त्या मॅडम कामात कितीही हुशार असोत, ही पद्धत मला मान्य नाही. त्यांना एकट्याने गाठा आणि सांगा, "मॅडम, माझ्या मेलमध्ये चूक दिसली तर मलाच परत पाठवा, मी सुधारून आणते." राग न आणता, पण बोला. हे मराठीत बोललात, हिंदीत बोललात, काही बिघडत नाही. आणि मराठी माध्यमाला दोष देणं थांबवा. 'रिक्वेस्ट फॉर' आणि 'डिस्कस अबाउट' ही रूपं इंग्रजी शाळांत शिकलेल्यांच्या मेलमध्येही असतात, आणि भारताबाहेर नायजेरियापासून सिंगापूरपर्यंत सर्रास दिसतात. जिथे जिथे लोक घरी एक भाषा बोलतात आणि कामाला इंग्रजी वापरतात, तिथे घरच्या भाषेची वाक्यरचना अशी इंग्रजीत उतरते. म्हणून ती बरोबर ठरत नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या बायरला ती खटकेल, तेव्हा सुधारायलाच हवी. पण लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि कुणी हसावं असं तर मुळीच नाही.

इंटरव्ह्यूची तयारी अशी करा. तुमच्या कामातल्या तीन-चार खऱ्या गोष्टी निवडा, जिथे तुम्ही कुणाकडे काहीतरी मागितलंत. सप्लायरकडे सर्टिफिकेट, एजंटकडे वेळ, बँकेकडे कागद. त्या इंग्रजीत मोठ्याने म्हणा: 'आय रिक्वेस्टेड द सर्टिफिकेट', 'आय रिक्वेस्टेड द एजंट टू वेट'. ट्रेनमध्ये मनातल्या मनात नको, घरी आवाज काढून म्हणा, कारण 'फॉर' तोंडाच्या सवयीने येतो आणि तोंडाच्या सवयीनेच जाईल. आणखी एक सोय: काही इंग्रजी शब्दांत नाम आणि क्रियापद यांचा जोर वेगवेगळ्या ठिकाणी पडतो, 'रेकॉर्ड' किंवा 'परमिट'सारखा. 'रिक्वेस्ट'मध्ये तो दोन्ही वेळा शेवटच्या भागावर, 'क्वेस्ट'वरच असतो. उच्चाराची चिंता नाही.

आणि ऐन वेळी बोलताना निसटलाच एखादा 'फॉर', तर मागे वळून दुरुस्त करत बसू नका, "सॉरी"ही म्हणू नका, वाक्य पुढे न्या. प्रमोशन देणाऱ्याला अडकलेलं पार्सल तुम्ही कसं सोडवलंत हे ऐकायचं असतं. ते कुठे अडलं होतं, कोणता कागद कमी होता, तो तुम्ही कुणाकडून आणि किती वेळात मिळवलात, हे नीट ओळीने सांगा.